बाणाविना सुटलेली दोरी

गेल्या पावसाळ्यात एका रात्री परदेशात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. त्याने तिकडे कोणाकडून तरी एक जुनी, वापरलेली क्रॉसबो, म्हणजे चाप ओढून सोडायचे आडवे धनुष्य, विकत घेतली होती आणि सुटीच्या दिवशी तो सरावासाठी मैदानावर जात असे. "मामा, दोरी चढवली आणि बाण ठेवायचा राहिला. तसाच चाप ओढला. आवाज फार मोठा झाला, पण मोडलेलं काही दिसत नाही. आणखी एक बाण मारून बघू का?" असे त्याने विचारले. मी पूर्वी शाळेत विज्ञान शिकवत असे आणि आता शहाद्याजवळच्या एका सराव मैदानावर मुलांची धनुष्ये तपासून, दुरुस्त करून देतो, म्हणून त्याने मला विचारले. मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. दोरीला पुन्हा हात लावू नकोस आणि घरात कापूस असेल तर घेऊन बस. कापूस कशासाठी, ते पुढे सांगतो.

बाण न लावता ताणलेली दोरी सोडून देणे याला धनुर्विद्येत 'ड्राय फायर' म्हणतात. मैदानावरची मुले 'ड्राय झालं' एवढेच म्हणतात आणि तेवढे म्हटले तरी सगळ्यांचे चेहरे गंभीर होतात. बाहेरच्या माणसाला मात्र यात काळजी करण्यासारखे काय आहे हे कळत नाही. बाण सुटलाच नाही, म्हणजे कोणाला लागण्याचा प्रश्नच नाही. मग धनुष्याला उलट कमीच त्रास झाला असणार, असे त्याला वाटते. हा तर्क अगदी साहजिक आहे आणि तो पूर्णपणे उलटा आहे.

धनुष्य ओढताना आपण त्यात काय साठवतो, इथून सुरुवात करावी लागेल. धनुष्याच्या मधल्या मुठीला दोन्ही बाजूंनी जोडलेल्या ज्या लवणाऱ्या भुजा असतात, त्यांना खेळाडू 'लिंब' म्हणतात. मी त्यांना पाती म्हणतो, कारण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखालचे कमानपाटे जसे ओझ्याखाली लवतात आणि ओझे उतरले की सरळ होतात, तसेच त्यांचे काम असते. एखाद्या साध्या ऑलिंपिक पद्धतीच्या धनुष्याची ओढ ४० पाउंड, म्हणजे सुमारे १८ किलो आहे असे धरू. दोरी ओढायला लागताना जोर जवळजवळ शून्य असतो आणि पूर्ण ओढल्यावर तो १८ किलोपर्यंत पोहोचतो, म्हणजे सरासरी ९ किलो. एवढ्या जोराने दोरी अर्धा मीटर मागे आली, तर पात्यांमध्ये सुमारे ४५ ज्यूल ऊर्जा साठते. साडेचार किलोची पिशवी जमिनीवरून एक मीटर उचलायला जितके काम लागते, तितकी ही ऊर्जा आहे.

क्रॉसबोमध्ये हेच धनुष्य आडवे करून बंदुकीसारख्या दांड्यावर बसवलेले असते. पाती आखूड आणि ताठ असतात आणि दोरी बोटांनी धरून ठेवावी लागत नाही. ती एका खटक्यात अडकवून ठेवता येते. त्यामुळे ओढ पुष्कळ जास्त ठेवता येते. १५० पाउंडाची, म्हणजे ६८ किलोची क्रॉसबो मुळीच असामान्य नाही. तिची दोरी केवळ ३० सेंटीमीटर मागे जात असली, तरी वरच्याच हिशेबाने तिच्यात १०० ज्यूल साठतात, आणि टोकांना चाके असलेल्या क्रॉसबोमध्ये त्याहून जास्त. चाप ओढल्यावर ही ऊर्जा सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळात मोकळी होते. तेवढ्या क्षणापुरता विचार केला तर ही १३ अश्वशक्तीहून अधिक ताकद होते. आपल्या विहिरीवरची मोटर ५ किंवा साडेसात अश्वशक्तीची असते, हे लक्षात घेतले की खांद्याला टेकवलेल्या त्या दांड्यात काय घडते याचा अंदाज येईल.

आता प्रश्न असा, की ही ऊर्जा जाते कुठे. धनुष्य बाण फेकते, हे खरेच आहे. पण धनुष्याच्या बाजूने पाहिले तर बाण हा ती ऊर्जा धनुष्याबाहेर घेऊन जाणारा एकमेव वाहक आहे. चांगल्या धनुष्यात साठलेल्या ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग बाण घेऊन जातो. उरलेला भाग पाती, दोरी आणि चाके यांच्या हालचालीत राहतो आणि थरथर, आवाज आणि थोडी उष्णता या रूपांत विरून जातो. बाण सुटल्यावर हाताला जी हलकी थरथर जाणवते, ती त्या उरलेल्या चतुर्थांशाची असते.

हे मोजण्यासाठी पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने गेल्या शतकात एक फार उपयोगी कल्पना मांडली. धनुष्याच्या स्वतःच्या हलणाऱ्या भागांत जी ऊर्जा अडकते, ती बाणाबरोबर धावणाऱ्या एका काल्पनिक वजनात आहे असे समजायचे. हे आभासी वजन त्या त्या धनुष्यापुरते जवळजवळ ठरलेले असते. समजा ते ६ ग्रॅम आहे आणि बाण २० ग्रॅमचा आहे. म्हणजे ४५ ज्यूल मिळून २६ ग्रॅमला पळवतात; बाणाच्या वाट्याला २६ पैकी २० भाग येतात, धनुष्याच्या वाट्याला ६, म्हणजे २३ टक्के. दोरी आणि बाण सुमारे ताशी २१० किलोमीटर वेगाने पुढे येतात. आता यातून बाण काढून टाका. तेच ४५ ज्यूल आता फक्त ६ ग्रॅमला पळवायला मोकळे आहेत. वेग दुपटीहून जास्त होतो, ताशी ४४० किलोमीटरच्या घरात जातो, आणि धनुष्याने स्वतःच्या अंगावर झेलायची ऊर्जा २३ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर, म्हणजे चौपटीहून वर जाते. प्रत्यक्ष मोजमापात आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र हेच राहते. जे धनुष्य एक पट धक्का सोसण्यासाठी बनवले आहे, त्याला एका क्षणात चारपट धक्का बसतो.

पण धक्का किती मोठा, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. तो कसा बसतो हे त्याहून महत्त्वाचे आहे, आणि मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो. अंगणात कपडे वाळत घालायची ताणून बांधलेली तार आठवा. त्या तारेच्या मधोमध ओली गोधडी टाकली, तर गोधडीचे वजन पाच-सहा किलोच असते, पण भिंतीतला खिळा उपटून निघायची वेळ येते. दोरी जितकी सरळ, तितके तिच्या मध्यावर पडलेले थोडे वजनसुद्धा दोन्ही टोकांना जास्त जोराने आत खेचते. धनुष्यात नेमके हेच घडते. दोरी सुटते तेव्हा ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी वाकलेली असते आणि पाती वेगाने पुढे झेपावत असतात. दोरी सरळ होत येते तसा मध्यावर बसलेला बाण आपल्या जडत्वामुळे गोधडीसारखे काम करतो: तो दोरीला ताण देऊन पात्यांच्या टोकांना मागे खेचतो आणि त्यांचा वेग हळूहळू काढून घेतो. पात्यांकडे असलेली गती शेवटच्या काही मिलिसेकंदांत दोरीतून बाणात उतरते. दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत पात्यांचा बराचसा वेग गेलेला असतो आणि बाण सर्वाधिक वेगाने निघून जातो. म्हणजे ज्याला आपण फेकली जाणारी वस्तू समजतो, तो बाण त्याच वेळी धनुष्याचा ब्रेकही असतो.

बाण नसेल तर हा ब्रेकच नाही. दोरीच्या मध्यावर तिच्या स्वतःच्या काही ग्रॅमांशिवाय वजन नाही, त्यामुळे पात्यांना कोणीही मागे खेचत नाही. ती भरधाव पुढे जातात आणि दोरी कडक सरळ झाली की एका झटक्यात अडतात. केळीच्या बागेला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लांब पाइपलाइनमधून वेगाने चाललेले पाणी व्हॉल्व्ह हळूहळू बंद केला तर निमूट थांबते. तोच व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाइपात घणाचा घाव बसल्यासारखा आवाज होतो आणि जोड उखडतात. पाणी तेच आणि वेगही तोच असतो, फरक असतो तो थांबायला मिळालेल्या वेळाचा.

हा घाव धनुष्यात कोणावर बसतो, हे त्या धनुष्याच्या घडणीवर अवलंबून असते. पहिला मार दोरीला बसतो. जुन्या पद्धतीची पॉलिएस्टरची दोरी थोडी ताणली जाते आणि धक्क्याचा काही भाग पिऊन टाकते. आजच्या दोऱ्या ज्या पॉलिएथिलिनच्या धाग्यांच्या असतात, ते जवळजवळ ताणलेच जात नाहीत. त्यामुळे बाण वेगाने जातो, पण बाण नसेल तर धक्का जसाच्या तसा पात्यांच्या टोकांवर जातो. कंपाउंड धनुष्यात आणि तशाच क्रॉसबोमध्ये टोकांना कॅम म्हणजे लंबगोल चाके असतात. दोरी क्षणभर सैल पडून पुन्हा ताणली गेली की ती चाकाच्या खाचेतून उडते. चाक वाकते, त्याचा आस वाकतो. आणि पाती ही एका तुकड्याची नसतात. फायबरग्लास किंवा कार्बनचे थर, कधी मधे लाकूड, हे सगळे चिकटवून ती तयार होतात. पाते लवते तेव्हा त्याची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. अचानक धक्का बसला की ताण-दाबाची लाट पात्यातून पुढे-मागे धावते आणि थरांमधला चिकट जोड सुटतो. हे सुटणे बाहेरून दिसेलच असे नाही. काही वेळा पाते तिथल्या तिथे फुटते आणि त्याचे तुकडे उडतात, दोरीचे तुटलेले टोक चाबकासारखे चेहऱ्यावर येते. मला मात्र त्याहून जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या भेगेची, कारण ती पुढच्या वेळी पूर्ण ताणाखाली, डोळ्यांपासून हातभर अंतरावर उघडते.

इथे एक शंका मला नेहमी विचारली जाते, विशेषतः जळगावकडच्या वडीलधाऱ्या माणसांकडून. गाद्या भरायला दारोदार येणारा पिंजारी आपल्या पिंजणीची तात दिवसभर रिकामीच वाजवत असे. ती का मोडत नसे? कारण पिंजण दिसायला धनुष्यासारखी असली तरी ती धनुष्य नाही. तिचे लाकूड जाड आणि न लवणारे असते आणि त्यात काही साठवलेले नसते. लाकडी दांड्याच्या ठोक्याने तात थरथरते, कापूस मोकळा होतो आणि त्या एका ठोक्याची थोडीशी ऊर्जा तिथेच संपते. धनुष्याची दोरी मात्र वाजवण्यासाठी नसते. मुले ओढ न देता बोटाने टिचकी मारून तिचा आवाज ऐकतात, त्याला माझी हरकत नसते. पूर्ण ओढून रिकामी सोडणे ही वेगळी गोष्ट आहे.

बांबूच्या धनुष्यालाही हाच नियम लागू आहे. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा लोकांच्या धनुष्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची असते, सुताची नव्हे. ही पट्टी ताणली जात नाही, म्हणून रिकामी सुटली की धक्का सरळ कामठ्याच्या टोकांवर बसतो. धडगावच्या पलीकडे एका पाड्यावर एका म्हाताऱ्या आबांनी नातवाच्या हातातून धनुष्य काढून घेतलेले मी पाहिले आहे. मुलाने दोन वेळा ते नुसतेच ओढून सोडले होते. आबा त्याला रागावले नाहीत. त्यांनी कामठा उजेडाकडे धरला, पोटाकडच्या बाजूवरून अंगठा सावकाश फिरवला आणि एका जागी थांबून मला तिथे हात लावायला सांगितले. बांबूचा एक धागा केसाइतका उचलला गेला होता. बांबूचे एक बरे असते, की तो असा धाग्याधाग्याने सांगून मोडतो. चिकटवलेले फायबरग्लास असे सांगत नाही.

क्रॉसबोबाबत ही चूक अधिक सहज घडते, आणि त्याचे कारण माणसाच्या निष्काळजीपणापेक्षा यंत्राच्या रचनेत आहे. हाताच्या धनुष्यात ओढलेला ताण बोटांना, खांद्याला सतत जाणवत राहतो. शरीरच आठवण देत असते. क्रॉसबोमध्ये दोरी खटक्यात अडकली की हातांना काही जाणवत नाही. ६८ किलोचा ताण घेऊन ते हत्यार टेबलावर शांत पडून राहते. दोरी चढवणे आणि दांड्यावरच्या पन्हळीत बाण ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांच्या मधे कोणी हाक मारली, फोन वाजला, की दुसरे राहून जाते. भाच्याचे तेच झाले होते. दुसरी चूक सराव संपताना होते. चढवलेली दोरी हाताने परत सैल सोडणे बहुतेक क्रॉसबोमध्ये शक्य नसते, म्हणून माणूस 'रिकामी करतो' असे म्हणून चाप ओढतो. त्यासाठी योग्य पद्धत अशी, की एक बोथट, पुरेसा जड बाण लावून तो मऊ लक्ष्यात किंवा मोकळ्या मातीत सोडायचा. म्हणजे ऊर्जा पुन्हा बाणाबरोबरच बाहेर जाते.

आजकालच्या बहुतेक क्रॉसबोंमध्ये यासाठी एक अटकाव बसवलेला असतो. चापाच्या पेटीत दोरीच्या वर एक छोटी, स्प्रिंगवर दाबलेली जीभ असते. बाण मागे सरकवून दोरीला टेकवला की बाणाचा मागचा टोकाचा भाग तिला वर उचलतो आणि मगच चाप मोकळा होतो. बाण नसेल तर जीभ खालीच राहते आणि एक तर चाप ओढलाच जात नाही, किंवा सुटलेली दोरी बोटभर अंतरावर त्या जिभेच्या आकड्यात पकडली जाते. ही योजना मोलाची आहे, पण ती चालते की नाही हे बघण्यासाठी मुद्दाम रिकामा चाप ओढणारी माणसे आहेत, आणि त्यांना मी हात जोडून सांगेन की असे करू नये. स्प्रिंग थकते, धूळ बसते, आणि भाच्याच्या क्रॉसबोसारख्या जुन्या हत्यारात हा अटकाव मुळातच नसतो.

बाण असूनही ड्राय फायर होऊ शकते, हे बऱ्याच अनुभवी खेळाडूंनाही ठाऊक नसते. बाणाच्या मागच्या टोकाला दोरीत बसणारी जी खाच असते, तिला नॉक म्हणतात. प्लॅस्टिकच्या या नॉकला बारीक तडा असेल तर सुटताना ती फुटते, दोरी बाणाला सोडून एकटीच पुढे जाते आणि बाण पायाशी पडतो. क्रॉसबोच्या बाणाची नॉक त्या क्रॉसबोसाठी सांगितलेल्या आकाराची नसेल, किंवा बाण मागे पूर्ण टेकलेला नसेल, तर दोरी बाणाच्या वरून किंवा खालून निसटते, परिणाम तोच. म्हणून आमच्या मैदानावर मुले प्रत्येक फेरीनंतर नॉक बोटांनी दाबून, किंचित पिळून पाहतात. या कामाला दहा सेकंद लागतात.

हलका बाण ही त्याच वाटेवरची अर्धी चूक आहे. वरच्या हिशेबात २० ग्रॅमऐवजी १० ग्रॅमचा बाण घाला: धनुष्याने झेलायचा वाटा २३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांच्या पुढे जातो. ५ ग्रॅमचा घाला, तो निम्म्याहून अधिक होतो. बाण वेगाने जातो म्हणून मुले खूश होतात, पण प्रत्येक वेळी धनुष्य थोडे थोडे ड्राय होत असते. कंपाउंड धनुष्यासाठी दर पाउंड ओढीला किमान ५ ग्रेन वजनाचा बाण असावा असा सर्वमान्य संकेत आहे. ६० पाउंडाला ३०० ग्रेन, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. क्रॉसबोसाठी बनवणारा जे किमान वजन छापून देतो, त्याच्याखाली कधीही जाऊ नये.

पाहुण्याच्या हाती धनुष्य देताना आम्ही आता ओढणेच बंद केले आहे. ओढीचा अनुभव घ्यायचा असेल तर त्याला रबराचा पट्टा देतो. कोणाच्या ओढीची लांबी मोजायची असली, तरी बाण लावून आणि लक्ष्यासमोर उभे राहूनच मोजतो. रिलीज नावाचा जो छोटा चाप कंपाउंडवाले बोटांत धरतात, तो एका निसटत्या स्पर्शाने सुटतो, आणि 'मी फक्त ओढून बघत होतो' हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा ऐकले आहे.

आता भाच्याच्या कापसाकडे येतो. कोणतेही धनुष्य ड्राय झाले, की पहिले काम म्हणजे ते तिथेच थांबवणे. 'एक बाण मारून बघू' ही सर्वांत धोक्याची तपासणी आहे, कारण भेग असली तर ती पूर्ण ताणाखालीच उघडणार. डोळ्यांवर चष्मा लावून, पात्यांच्या समोर न उभे राहता, आधी दोरी पाहायची: धागे तुटले आहेत का, मधले गुंडाळलेले वेटण सरकले आहे का, दोरी दोन्ही चाकांच्या खाचांत नीट बसली आहे का. मग चाके एका रेषेत आहेत का. मग पाती. भेग केसाहून बारीक असेल तर डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, आणि बोट फिरवू नयेच, कारण फायबरग्लासची कुसळे कातडीत मोडतात. तिथे कापसाचा मऊ पुंजका पात्याच्या चारही कडांवरून, अगदी हलक्या हाताने, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढायचा. गुळगुळीत पात्यावरून तो सरकत जातो. जिथे थर सुटला असेल तिथे त्याचा तंतू अडकून राहतो. मी शेतातल्या बोंडातला, सरकी काढलेला कापूस वापरतो. त्याचे तंतू मोकळे असतात आणि लगेच अडकतात.

त्याने कॅमेरा समोर ठेवला आणि औषधाच्या दुकानातला कापूस घेतला. डाव्या पात्यावरून पुंजका दोन वेळा सरळ निघून गेला. उजव्या पात्याच्या खालच्या कडेला, चाकापासून चार बोटांवर, तो थांबला. त्याने हात उचलला तरी एक पांढरा तंतू तिथेच वाऱ्यावर हलत राहिला. दोघेही काही क्षण बोललो नाही. मग त्याने टॉर्च आडवी धरली आणि त्या उजेडात बोटाच्या पेराएवढी एक बारीक रेघ दिसली.

दोरी तेव्हा सैल नव्हती, पण चढवलेलीही नव्हती, म्हणून त्याने क्रॉसबो तशीच गोधडीत गुंडाळून दुसऱ्या दिवशी कारागिराकडे नेली. पाती काढायला विशेष दाबयंत्र लागते; ते काम घरी करण्याचे नाही. कारागिराने उजव्या बाजूच्या चाकाचा आसही किंचित वाकलेला दाखवला. ड्राय फायरने झालेले नुकसान बहुतेक उत्पादक वॉरंटीत धरत नाहीत आणि ही तर वापरलेली वस्तू होती, त्यामुळे पात्यांची जोडी, आस आणि दोरी असा सगळा खर्च त्याला स्वतःच करावा लागला. एकच पाते बदलून भागत नाही, कारण दोन्ही बाजूंचा ताठपणा सारखा नसेल तर दोरी एका अंगाला ओढली जाते. दुरुस्तीनंतर त्याने पहिला बाण सोडला तो छापील किमान वजनाहून बराच जड होता, आणि चाप ओढण्याआधी त्याने पन्हळीत बोट न घालता, नुसत्या डोळ्यांनी, बाणाची नॉक दोरीला टेकली आहे हे दोनदा पाहिले.